डावीकडची सीट

१

आमच्या गाडीला लोक हसायचे. हसेनात का! सांगलीत तेव्हा मोठ्या फियाटसाठी माणसं नंबर लावून वर्षानुवर्षं बसत होती, आणि माझ्या दारात मात्र खुद्द इटलीत बनलेली गाडी उभी होती. केवढी? तर दोन माणसं, मागं एक पिशवी आणि एक छत्री. बस्स. फियाटचीच, टोपोलिनो तिचं नाव. त्यांच्या भाषेत टोपोलिनो म्हणजे पिटुकला उंदीर. एकोणपन्नास सालची.

पाचगणीच्या एका पारशी डॉक्टरीणबाईंच्या गोठ्यात ती सात वर्षं कोंबड्यांच्या ताब्यात होती. मी बाहुबली मगदूम, मोटार मिस्त्री. नाव बाहुबली आणि दंड काडीसारखे, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आठ महिने खपून मी ती उभी केली. इंजिन एवढंसं, पण चार सिलिंडर! पेट्रोलला पंप नाही. टाकी वर, इंजिन खाली, पाटाचं पाणी वाफ्यात उतरावं तसं पेट्रोल उतरतं. कापडी टप मागं गुंडाळला की डोक्यावर आभाळ. दारं उलटी, बिजागरी मागच्या अंगाला. कमीत कमी सामानात गाडी भागवायची अक्कल ज्या माणसाला सुचली, त्याच्या पाया पडावं असं मला वाटायचं. कॉलेजातले प्राध्यापक सायकली थांबवून तिच्याभोवती फिरायचे. वरातीला तर अशी मागणी की विचारू नका, कारण नवरा-नवरी बसली की करवलीला जागाच नाही.

साठ सालापासून पुढची पाच वर्षं त्या डाव्या सीटवर माझी बायको बसली. पासष्टच्या श्रावणात तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. एकुलती एक मुलगी राजमती, तिला आदल्याच वर्षी कराडजवळच्या मलकापूरला दिली होती. घरात मी एकटा उरलो. गल्लीपलीकडं माझी विधवा थोरली बहीण आक्काताई राहायची, ती दोन वेळचं करून पाठवायची. पण डबा पाठवणं वेगळं आणि समोर कुणी बसणं वेगळं.

२

दर गुरुवारी मी कोयनानगरला जायचो. धरणाच्या वसाहतीत डिझेलचे पंप होते, त्यांची देखभाल माझ्याकडं. भल्या सकाळी निघायचं, दुपारपर्यंत काम उरकायचं, साडेतीनला परत फिरायचं. पाटणच्या पुढं रस्त्याकडेला एक चिंच आहे, तिथं पाचच्या सुमाराला गाडी थांबवून जेवायचं. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही.

ती होती तेव्हा सीटवरच पाय दुमडून बसायची आणि फडक्यातनं दशम्या काढायची. दोन तिला, तीन मला. बिनलसणाची शेंगाचटणी, घट्ट दही. ती गेल्यावर आक्काताई डबा भरायला लागली, पण जुन्या सवयीनं तिनं दशम्या पाचच घातल्या. पहिल्या गुरुवारी दोन उरल्या. काही मनात न आणता मी त्या डाव्या सीटवर फडक्यावर ठेवल्या आणि तोंडातनं निघून गेलं, "अगं, घे की."

आयुष्यात बायकोला मी नावानं हाक मारली नाही. आमच्या पिढीत कोण मारत होतं? 'अगं', 'ऐकलंस का', फार झालं तर 'राजमतीची आई'. पद्मावती हे नाव मी एकदा लग्नात घेतलं, आणि दुसऱ्यांदा नगरपालिकेत मरणाची नोंद करताना लिहिलं. मध्ये चोवीस वर्षं नुसतं 'अगं'.

तर दर गुरुवारी दोन दशम्या डावीकडं आणि गप्पा. कुठल्या पंपाचं काय बिघडलं, राजमतीचं पत्र आलं का, भाव काय चाललेत. तुम्ही म्हणाल मिस्त्रीला वेड लागलं. छे! आमच्या धर्मात मेलेलं माणूस मागं राहतच नाही. जीव निघाला की पापणी लवायच्या आत दुसरा जन्म. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा नाही. तिथं कुणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर बोलायला लाज वाटत नव्हती. एकट्या माणसाला जेवताना कुणाशी तरी बोलावं लागतं हो. नाहीतर घास तोंडातच फिरत राहतो.

३

सहासष्टच्या दिवाळीनंतरचा गुरुवार. जेवण झालं, हात धुतले, गाडीत बसलो. डॅशबोर्डाखाली एक उथळ कप्पा आहे, त्यात माझी पेन्सिल असते. मी एकटा बसलो की माझ्या वजनानं गाडी उजवीकडं थोडी दबते आणि पेन्सिल घरंगळत उजव्या कोपऱ्यात येते. सवा वर्ष ती तशीच येत होती.

त्या दिवशी ती आली नाही. कप्प्याच्या मधोमध पडून राहिली.

मी उतरलो. परत बसलो. पेन्सिल मधोमध. म्हटलं, जमीन डावीकडं उतरती असेल. गाडी काढून डांबरी सडकेवर घेतली. पेन्सिल मधोमध. हसू आलं मला. म्हटलं, डावीकडचा स्प्रिंगचा पाटा बसला असणार, सतरा वर्षांचं लोखंड आहे, थकणारच. सांगलीपर्यंत पेन्सिल जागची हलली नाही, आणि मी सारखा तिच्याकडंच बघत होतो.

गॅरेजात पोचल्यावर सीटवरच्या दोन दशम्या उचलल्या. गाईला घालायच्या होत्या. दिसायला जशाच्या तशा, चतकोरही तुटलेली नाही. पण हातात घेतल्या तर वजनच नाही. वाळलेलं पान उचलावं तशा. गाईनं त्या हुंगल्या आणि ती तोंड फिरवून निघून गेली.

४

आता माझा स्वभाव सांगतो. आवाज आला की त्याला कारण असतं. गाडी झुकली की तिला कारण असतं. पस्तीस वर्षं याच एका गोष्टीवर मी भाकरी खाल्ली आहे. दुसऱ्या दिवशी गाडी सिमेंटच्या फरशीवर घेतली, सगळे पाटे खोलले, डावे-उजवे अदलून बदलून घातले. टायरची हवा मोजली. जॅक, पाने, स्टेपनी, सगळं बाहेर काढलं.

शेजारच्या जोतीराम लोहाराला हाक मारली. म्हटलं, "मी आत बसतो, तू चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट मोज."

जोतीराम बोटं घालून एकदा इकडं, एकदा तिकडं वाकला. "चार बोटं हिकडं, चार बोटं तिकडं. झ्याक हाय की गाडी!"

"झ्याक कसली! मी एका बाजूला बसलोय ना? मग ती सारखी कशी राहील?"

"आता आनि काय म्हनायचं! सरळ हाय म्हनून बोंबलनारा मिस्त्री म्या पैल्यांदाच बघितला."

मग त्याला बसवलं. गाडी उजवीकडं बसली, चांगली दीड बोट. तो उतरला, मी बसलो. चार आणि चार.

जोतीराम मोठ्यानं हसला. "तुमचं वजनच न्हाई मिस्त्री! नावाचं बाहुबली!"

हे मला पटलं. खरंच पटलं. तडक मार्केट यार्डात गेलो आणि हळदीच्या काट्यावर उभा राहिलो. आदल्या वर्षी त्रेसष्ट किलो भरलो होतो, आता अठ्ठावन्न. पाच किलो उतरलो होतो, पण अठ्ठावन्न किलो म्हणजे काही वारा नव्हे. उलट हिशेब केला तर डावीकडंही अठ्ठावन्नच पाहिजेत. आणि पद्मावती, भिजल्या लुगड्यासकट, चाळीस किलोच्या वर कधी गेली नव्हती.

डावीकडचं वजन तिचं नव्हतंच. म्हणजे इतके दिवस माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, धर्म काहीही म्हणो, तीच बसलेली होती, आणि ते मला त्या हळदीच्या धुरळ्यात कळलं.

५

पुढच्या गुरुवारी मी चिंचेखाली गप्प जेवलो. तिथं हरणाबाई म्हणून एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकायला बसायची. सवा वर्ष ती मला बघत होती, कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती उठून गाडीपाशी आली.

"मिस्त्री, येक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचार की."

"तुमी घास ठेवता, बोलता. मंग वाटंला कवा लावता?"

"कुणाला?"

"ज्याला बोलावता त्याला. आमी पान ठेवतो, कावळा शिवला की हात जोडून म्हंतो, जा बाबा, सुखानं जा. तुमी 'जा' म्हनल्यालं म्या कवा ऐकलं न्हाई."

"आमच्यात कुणी येत नाही, बाई. येतच नाही तर लावायचं कुणाला?"

"येत न्हाई म्हनता, आन् हाक मारता?" म्हातारीनं कपाळाला हात लावला. "बरं, हाक मारताना नाव तरी घेता न्हवं?"

मी म्हणालो, "नाव कसं घेणार? आम्ही 'अगं' म्हणायचो."

तिनं गाडीच्या डाव्या बाजूकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरली. "वाटंवर हुबं ऱ्हाऊन 'अगं' म्हनल्यावर कुनीबी यील की वं. आजच्या आज 'जा' म्हना. मोठ्यांदा. हितंच म्हना, कुनाच्या दारात नगं."

ती टोपली उचलून रस्त्यापलीकडं जाऊन बसली. मी काच वर केली. चिंचेची सावली टपावर हलत होती. बाहेरनं एक बैलगाडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत मी थांबलो. मग डावीकडं न बघता, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, "पद्मावती?"

सीटची स्प्रिंग वाजली. आधी दाराच्या बाजूची, मग मागची, मग माझ्या बाजूची. कुणी दुसऱ्याच बाईचं नाव ऐकून, कुणाला बोलावतायत म्हणून इकडंतिकडं वळून बघावं, तशी. मग थांबली.

आता 'जा' म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर होता. आणि खरं सांगतो, तो मी गिळला. मला त्या सीटवरच्या कुणाची भीती वाटली नाही असं नाही. पण तिथनं सांगलीपर्यंतच्या रस्त्याची, घरी जाऊन दिवा लावायची, रविवार, सोमवार, मंगळवारची मला त्याहून जास्त भीती वाटली. कुणी का असेना, बसलं होतं ना माझ्याशेजारी? मी गाडी सुरू केली. असे तीन गुरुवार गेले आणि तिन्ही गुरुवारी मी दोन दशम्या ठेवल्या.

६

राजमतीला तेव्हा आठवा लागला होता. पहिलटकरीण. बाळंतपणाला तिला सांगलीला आणायचं ठरलं होतं, आणि कराडच्या डॉक्टरांनी बाळ फार बारीक आहे, जपा, म्हणून सांगितलं होतं. तिला या गाडीतनं आणायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. एव्हाना गाडी सरळही राहत नव्हती. डावीकडं झुकायला लागली होती, आणि हळदीच्या काट्यावर मी छप्पन्न भरलो होतो. भाड्याची जीप बघ, एवढं आक्काताईला सांगून ठेवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी सकाळी दहाला कोयनानगरच्या ऑफिसात फोन आला. राजमतीच्या सासूबाईंनी कुणाकडनं तरी करवला होता. "पाव्हनं, तसंच निघून या. पोरीच्या पोटातलं कालपासनं हाललं न्हाई."

पंप उघडा टाकून निघालो. चिंचेपाशी थांबायचं सुचलंही नाही. मलकापूरला पोचलो तेव्हा एक वाजत होता. राजमती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. मला बघितल्याबरोबर तिचा बांध फुटला.

"आप्पा, काल दुपारपासनं गप्प हाय ओ. पाणी प्याले, कुशीवर झाले, कायबी करून हालंना."

जावई गुळाच्या गाड्या घेऊन कोल्हापूरला गेलेला. कराडचे डॉक्टर परगावी, आणि लग्नसराईत गावात एक जीप रिकामी नाही. सांगलीची एस.टी. चारला. सासूबाई म्हणाल्या, "आवं, दारात गाडी हुबी असताना इचार कसला करताय?"

मी अंगणात गाडीपाशी गेलो. डावं दार सताड उघडलं. सीटच्या रेक्झिनला खोल खळगा पडला होता, आत्ता कुणी बसलेलं असावं असा. मी वाकून, सगळ्यांच्या देखत, ओरडलो, "जा! ऊठ आणि जा!"

सासूबाई चपापल्या. मी नजर हलवली नाही. खळगा हळूहळू भरत वर आला. पहिल्यांदा मागचा, मग पुढचा, मग रेक्झिन सपाट झालं. गाडीची डावी बाजू चार बोटं वर उचलली गेली, पाट्यांनी करकर केली. गेलं होतं! माझ्या छातीवरचा दगड हलला. मी वळलो तर राजमती ओसरीतनं उठून माझ्या पाठीशीच येऊन उभी होती, एक हात पोटावर, एक दारावर.

"कुणाला ओरडलात, आप्पा?"

"कुणाला नाही. बस, बाळ, सावकाश बस."

कासेगाव, पेठ, इस्लामपूर. मी खड्डा चुकवत, जीव मुठीत धरून चालवत होतो. थोड्या वेळानं राजमतीला झोप लागली. पोर रात्रभर जागी होती. गाडी डावीकडं किंचित झुकत होती. म्हटलं, पोटुशी बाई आहे, पायाशी पिशवी आहे, झुकणारच. कारण सापडलं की मला बरं वाटतं. आष्टा मागं पडल्यावर मी सहज तिच्याकडं बघितलं. तिचे हात सैल होऊन मांडीवर पडले होते, तोंड उघडं होतं, शांत झोपली होती. आणि लुगड्याखाली तिचं पोट हललं. पोरं लाथ मारतात तसं नव्हे. एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत, हळू, अंग चोरत. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस सीटवर मागं सरकून, ऐसपैस जागा करून बसतं, तसं.

मी रस्त्याकडं बघितलं. त्यानंतर सांगलीपर्यंत मी डावीकडं बघितलं नाही.

७

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच लेडी डॉक्टरचा दवाखाना. मलकापूरहून फोननं निरोप गेला होता, पायरीवर आक्काताई वाट बघत उभी होती. तिनं राजमतीला हाताला धरून उतरवलं. पोर उतरली आणि गाडी माझ्या बाजूला बसली. दीड बोट. सरळ, साधी, एका माणसाच्या वजनानं बसावी तेवढी.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच राहिलो. डावी सीट रिकामी होती. दिवाळीनंतर पहिल्यांदाच रिकामी. एकटेपणा असा अंगावर आला की मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यात भीती किती होती आणि काय किती होतं हे मलाच सांगता यायचं नाही.

आतनं आक्काताईची हाक आली, "बाहुबली, ये रं लवकर! हाललं बघ बाळ!"

आत गेलो. राजमती बाकड्यावर आडवी होती. रडत होती आणि हसत होती. डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढली. "घाबरू नका, ठोके उत्तम आहेत. आणि बारीक कोण म्हणालं? चांगलं वजनदार बाळ आहे."

"जड झालंय ओ आप्पा," राजमती म्हणाली. "गाडीत झोपले आन् उठले तर पोट केवढं जड! बघा, बघा की." तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला.

काही क्षण काही झालं नाही. मग आतनं माझ्या तळव्यावर दाब आला. फटकारा नव्हे, धडक नव्हे. आधी करंगळीकडनं, मग मधनं, मग अंगठ्याकडनं. शोधत आल्यासारखा. आणि मग तिथंच थांबून राहिला.

"तुला वळखलं त्यानं!" आक्काताई पदरानं डोळे पुसत म्हणाली.

राजमती माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर इतका आनंद मी ती सासरी गेल्यापासनं बघितला नव्हता. कालपासून तिनं मरण पोटाशी धरलं होतं, आणि आता ते सुटलं होतं. "आप्पा, असे गप्प का? बोला की त्याच्याशी काहीतरी."

मी तोंड उघडलं. मलकापूरच्या अंगणात जो शब्द ओरडलो होतो तोच पहिल्यांदा जिभेवर आला. पण तो आता कुणाला लागला असता, कुणाच्या ठोक्यांना लागला असता?

"ये," मी म्हणालो. "ये बाबा, सावकाश ये."

हाताखाली ते हललं. डॉक्टरीणबाई हात धुवायला आत गेल्या, आणि आक्काताई म्हणाली, चला, दिवस मावळायच्या आत जेवून घेऊ.